गोळ्या सुटल्या, पेन हातात आलं: लाडा मधुमेह, इन्सुलिन आणि जळगावचा उन्हाळा

आधी निकाल सांगते, तपशील नंतर. इन्सुलिनची सुई दुखते का, हे मला सगळे विचारतात आणि या प्रकरणात तेवढीच एक गोष्ट बिनमहत्त्वाची आहे. ४ मिलिमीटरची सुई पोटात गेली की नाही, हे कधीकधी वाकून बघावं लागतं. बोटाला टोचून साखर तपासणं त्याहून जास्त झोंबतं. खरा त्रास हिशोबाचा, उन्हाचा, रात्रीचा आणि पाहुण्यांचा.

मी जळगावला शाळेत शिकवते. चाळिशीच्या आतच टाइप २ मधुमेह म्हणून निदान झालं होतं. आधी मेटफॉर्मिन, मग जोडीला ग्लिमेपिराइड, मग डॅपाग्लिफ्लोझिन. गोळ्या वाढत गेल्या, साखरही वाढत गेली आणि मुळात किरकोळ असलेलं वजन उतरत गेलं. दर भेटीत एकच वाक्य ऐकायचं: पथ्य पाळत नाही तुम्ही. घरात माझ्या ताटावर पहारा. एक पोळी खाऊन उठायचे, तरी मीटरवर तीनशे. शेवटी एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हॉर्मोनच्या तज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी वजनाचा इतिहास विचारला आणि दोन तपासण्या लिहून दिल्या, सी-पेप्टाइड आणि गॅड अँटीबॉडी. आपलं स्वादुपिंड जेवढं इन्सुलिन बनवतं तेवढंच सी-पेप्टाइड बनतं, म्हणून घरचा माल किती शिल्लक आहे ते त्यावरून कळतं. माझं खूप कमी निघालं. अँटीबॉडी पॉझिटिव्ह. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारत होती, टाइप १ मध्ये मारते तशीच, फक्त संथपणे. याला लाडा म्हणतात, कुणी टाइप १.५ म्हणतं.

त्या दिवशी मला रडू आलं, पण ते सुटकेचं होतं. इतकी वर्षं मी चोरून खाते असं सगळ्यांना वाटत होतं, हळूहळू मलाही वाटायला लागलं होतं. दुःख नंतर आलं, हे आता जन्माचं आहे हे कळल्यावर.

डॅपाग्लिफ्लोझिन त्याच दिवशी बंद झालं. इन्सुलिन कमी पडणाऱ्या माणसात त्या गोळीने साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारी घातक आम्लं) साचू शकतात, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. ज्यांचं निदान बदललंय त्यांनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

आता पेन, म्हणजे इन्सुलिन टोचायचं पेनासारखं उपकरण. मी पुन्हा पुन्हा वापरायचं पेन घेतलं, ज्यात ३ मिलीचं कार्ट्रिज (इन्सुलिनची नळी) बसतं, म्हणजे ३०० युनिट. रात्री दिवसभर पुरणारं ग्लार्जिन, जेवणाआधी झटपट काम करणारं अ‍ॅस्पार्ट. दोन्ही पेनांचे रंग मुद्दाम वेगळे घेतले; झोपेत हात चुकीच्या पेनावर पडला तर पंचाईत. दर वेळी आधी २ युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघायचं, टोचल्यावर सावकाश दहा आकडे मोजून मगच सुई काढायची. कंटाळा येतो, पण थेंब न बघता घेतलेला डोस खरंच आत गेला का, हे तीन तासांनी साखर चढल्यावरच कळतं. सुई दर वेळी नवी. "एक सुई आठवडाभर चालते" असं सांगणारे दुकानदार भेटतात. बोथट सुई आणि रोज तीच जागा, यांनी कातडीखाली गाठी धरतात आणि तिथलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

बाटली स्वस्त पडते हे खरं. पण आपल्याकडची साधी बाटली बहुतेक वेळा मिलीला ४० युनिटवाली असते, तिला लाल टोपणाची सिरिंज. पेनाचं कार्ट्रिज मिलीला १०० युनिटवालं. अडचणीच्या वेळी लाल सिरिंजने कार्ट्रिजमधून औषध ओढलं, तर १० च्या खुणेवर २५ युनिट जातात. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

उन्हाळ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांना यातलं दुखणं कळत नाही. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ वर असतो आणि वीज तिच्या मर्जीने जाते. न उघडलेली कार्ट्रिजं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं. चालू पेन घरच्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकतं, पण हे आकडे २५-३० अंश धरून आहेत, आमच्या पत्र्याच्या स्टाफरूमसाठी नाहीत. पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी मिळते, ती इथे झकास चालते, कारण हवा कोरडी आहे. दादरला नणंदेकडे तीच पिशवी नुसती ओली राहिली, गार काही होईना. घरात मी मातीचं भांडं ठेवलंय: मोठ्या कुंडीत ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, वर ओलं फडकं. सासूबाईंनीच बसवून दिलं. पिशवीपेक्षा मला हेच जास्त भरवशाचं वाटतं. आणि हो, कडकडीत पाण्याने अंघोळ करायच्या जरा आधी घेतलेलं इन्सुलिन लवकर भिनतं, साखर धाडकन उतरते.

दंडावर लावायचा, सतत साखर मोजणारा सेन्सर महाग आहे. चौदा दिवसांचे चार-पाच हजार जातात, त्यामुळे कायम लावणं मला परवडत नाही. पण निदान बदलल्यावर एकदा तरी लावाच. मला त्यातून जे कळलं ते कुठल्याही तक्त्यात नव्हतं. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीने साखरेची रेघ सावकाश चढते, सावकाश उतरते. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३५ ग्रॅम कर्बोदकं धरायची, हा माझ्या डोसच्या हिशोबाचा पाया. कळण्यात उडीद असल्याने हिशोब थोडा हलका होतो. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते सेन्सरवर दिसलं. खिचडीनंतरची रेघ बघून सासूबाईंनी स्वतःच माझ्यासाठी भगर करायला घेतली. भगरही काही साधी नाही, पण खिचडीपेक्षा परवडली. सगळ्यात फसवं म्हणजे भरीत-पुरी. तेलामुळे साखर उशिरा चढते, इन्सुलिन त्याआधीच कामाला लागलेलं असतं, म्हणजे आधी साखर खाली आणि रात्री अकराला वर. त्या दिवशीचा डोस कसा घ्यायचा हे डॉक्टरांकडून वेगळं लिहून घेतलंय.

सेन्सरचे दोष: घामाने कड सुटते. त्या कुशीवर झोपलं की दाबामुळे खोटी कमी साखर दाखवतो आणि तीन वाजता सगळं घर जागं होतं. आकडा रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, त्यामुळे घाम सुटून हात थरथरायला लागले तर सेन्सर काहीही म्हणो, बोटावर तपासायचं. ७० च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासणी. पेढा नको, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा लागते. शाळेच्या पर्समध्ये, स्कूटीच्या डिकीत आणि यांच्या शर्टाच्या खिशात ग्लुकोज पावडरच्या पुड्या असतात.

पाहुण्यांवर औषध मिळालेलं नाही. "इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी गं," हे हळदीकुंकवाला वाणासोबत मिळतं. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, कुणाच्या तरी भावाचं एका महिन्यात सुटलेलं इन्सुलिन. १९२२ साली टोराँटोत पहिल्या मुलाला इन्सुलिन टोचलं, त्याआधी या आजारात मुलांना अर्धपोटी ठेवून दिवस मोजत बसत, हे मी सुरुवातीला सांगून बघितलं. आता "हो मावशी" म्हणून तिळगूळ घेते. दोन युनिट त्याच्यासाठीही असतात.

आता फायदा-तोटा. एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) दोन आकडी होतं, ते साडेसातच्या आसपास आलं आहे. गेलेलं वजन परत आलं, थोडं जास्तच आलं. पायांची आग कमी झाली. डोस हळूहळू वाढतोय, कारण घरचं उत्पादन कमी होत जाणार. डॉक्टरांनी हे आधीच सांगितल्याने धक्का बसला नाही. खर्च गोळ्यांच्या कितीतरी पट आहे. कार्ट्रिजं, सुया, साखर तपासायच्या पट्ट्या मिळून दरमहा घरखर्चात वेगळी ओळ लागते, त्यात पट्ट्यांवर मला अजिबात काटकसर करता येत नाही.

अंगावर लावून सतत इन्सुलिन सोडणाऱ्या पंपाचं अनेक जण विचारतात. मी बघितला, किंमत ऐकली, सध्या नाही. तुमचं वजन विनाकारण उतरत असेल, घरात कुणाला मधुमेह नसेल आणि गोळ्या वाढवूनही साखर हलत नसेल, तर पंपाचा आणि सेन्सरचा विचार नंतर करा. आधी त्या दोन तपासण्यांचं डॉक्टरांना विचारा. सी-पेप्टाइडबरोबर त्याच वेळची रक्तातली साखरही तपासून घ्या, नाहीतर आकड्याचा अर्थ लागत नाही.