आधी अंग भरायचं की आधी पॅक काढायचे?

माझा भाचा गोव्यात फोंड्याला असतो. वय २२, उंची १७३ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर त्याने विचारलं, "मामा, मला छाती-दंड पण हवेत आणि सिक्स पॅक पण. किती महिने लागतील?" त्याच आठवड्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करणारा माझा एक मित्र म्हणाला, "अरे, कॉलेजात माझे पॅक दिसायचे. परत दिसले पाहिजेत." तो ३६ वर्षांचा, वजन ८२. दोघेही एकाच जिममध्ये जातात आणि एकाच ट्रेनरने दिलेला एकच कागद वापरतात. गडबड तिथूनच सुरू होते.

अंग भरायला शरीराला खर्चापेक्षा जास्त अन्न लागतं. पोटावरची चरबी उतरायला खर्चापेक्षा कमी. एकाच दुपारी जेवणाचं ताट मोठंही करायचं आणि लहानही, हे जमत नाही. नवशिक्यांना थोडी सूट असते, ती पुढे सांगतो.

हिशोब मांडला की भ्रम उतरतो

पुरुषाचे पॅक स्पष्ट दिसायला शरीरातली चरबी साधारण १० ते १४ टक्क्यांवर यावी लागते. माझ्या मित्राची चरबी २५ टक्के धरू. म्हणजे ८२ किलोत साडेवीस किलो चरबी आणि साडेएकसष्ट किलो बाकी सगळं. एक ग्रॅमही स्नायू न गमावता १२ टक्क्यांवर यायचं तर वजन ७० किलोवर आलं पाहिजे. १२ किलो चरबी! एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. रोज ४०० कॅलरी कमी खाल्ल्या तर २३१ दिवस, म्हणजे साडेसात महिने झाले. तेही वाटेत एकही बारसं, जत्रा किंवा चतुर्थी आली नाही तर. हे ऐकून तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "आपण चहा घेऊया."

भाच्याचा हिशोब उलटा. तो बारीक दिसतो, पण शर्ट काढला की बेंबीभोवती मऊ वळी आहे. १८ टक्के चरबी धरली तर १२ टक्क्यांवर त्याचं वजन ५४ किलो भरेल. पॅक दिसतील, पण हँगरला लावलेल्या शर्टावर दिसावेत तसे. त्याच्यापाशी कापून काढण्याजोगं काही नाही, आधी घडवायला हवं. ते सावकाश होतं. आठवड्याला वजनाच्या पाव ते अर्धा टक्का वाढ ठीक, म्हणजे त्याच्या बाबतीत महिन्याला साधारण ६०० ग्रॅम ते सव्वा किलो. त्यातलंही सगळं स्नायूंत जात नाही. महिन्याला चार किलो वाढवल्याची फुशारकी कोणी मारत असेल, तर त्याच्या पँटचं माप विचारा.

बारीक हात आणि पुढे पोट हा आपल्याकडचा नेहमीचा साचा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एका ब्रिटिश सहकाऱ्यासोबत स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण सहकाऱ्याची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काट्यावर दोघे सारखेच. त्यामुळे "माझं वजन नॉर्मल आहे" या वाक्यावर आपण फार विसंबू नये.

खरी लढाई ताटात

प्रथिनं दोन्ही मार्गांना लागतात: दर किलो वजनामागे दिवसाला १.६ ते २ ग्रॅम. चरबी उतरवताना वरच्या टोकाला राहायचं, कारण कमी अन्नात शरीर स्नायूही मोडून खायला बघतं.

गोव्यात हे फार अवघड नाही. भाच्याला मी जे लिहून दिलं त्यात एक फॅन्सी वस्तू नव्हती. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि चार अंडी, म्हणजे २४ ग्रॅम प्रथिनं. दिवसभरात अर्धा लिटर दूध, १६. मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे, १३. दुपारी भाताबरोबर मध्यम आकाराचे दोन बांगडे, साधारण ३०. रात्री १५० ग्रॅम चिकन, ३३. झाले ११५ च्या वर, डाळ आणि अळसांद्याची (चवळीची) उसळ वेगळीच. खर्चापेक्षा अडीचशे-तीनशे कॅलरी जास्त पडल्या की पुरे. दोन केळी आणि एक जादा पोई (गोव्याचा पाव) एवढ्यात ते बसतं. "बल्किंग चाललंय", म्हणजे अंग भरणं चाललंय, म्हणून रोज संध्याकाळी कापां-पाव आणि थंड पेय लावणारे मी पाहिलेत. त्यांचं अंग भरतं, पण चुकीच्या मजल्यावर.

मित्राचं ताट मात्र चुकत होतं ते मासळीत नव्हे, मासळीभोवती. बांगडा बिचारा निर्दोष. त्याला रवा लावून तेलात सोडला की प्रत्येक मोठ्या चमच्याभर तेलामागे १२० कॅलरी चिकटतात. हुमणात, म्हणजे मासळीच्या आमटीत, पडणारं ओलं खोबरं १०० ग्रॅमला ३५० कॅलरींचं असतं. नारळ सोडा, असं गोंयकाराला सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. मी सांगितलं नाही. आठवड्यात चार दिवस तिखल्यासारखं बिनखोबऱ्याचं कालवण, मासळी तव्यावर चमचाभर तेलात, भाताचा एक डाव कमी, आणि सोलकढी नारळाच्या रसाशिवाय. एवढ्यातच त्याचे ४०० सुटतात. भूक मारायला तिसऱ्या (शिंपले) आणि सुंगटं (कोळंबी) उत्तम. पोट भरतं, कॅलरी कमी.

मग शनिवारची रात्र. ६० मिलीच्या पेगात दारूच्याच साधारण १४० कॅलरी, मग ती फेणी असो की व्हिस्की. वर गोड सोडा आणि तळलेला चखणा. तीन पेगांत आठवड्यातल्या दोन दिवसांची कमाई गेली. अंग भरणाऱ्याला हे एक वेळ चालून जातं, पॅक काढणाऱ्याला नाही. दोन मार्गांतला सर्वांत मोठा फरक मला तरी हाच वाटतो: एकात चूक माफ होते, दुसऱ्यात नोंदली जाते.

जिममध्ये काय बदलतं? फारसं काही नाही

स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच, रोइंग, खांद्यावरून प्रेस. प्रत्येक स्नायू आठवड्यातून दोनदा, एकूण दहाएक सेट, शेवटचे दोन-तीन रेप्स (वजन उचलण्याच्या फेऱ्या) जड गेले पाहिजेत. दोन्ही मार्गांना हेच. "कटिंग (चरबी उतरवणं) आहे म्हणून हलकं वजन आणि पन्नास रेप्स" हा सल्ला ऐकला की मला हसू येतं. कमी खाताना वजन हलकं केलंत तर शरीर म्हणतं, मग एवढा स्नायू सांभाळू कशाला? चालणं तेवढं वाढवायचं. पणजीत मिरामार ते दोनापावला संध्याकाळचं पायी गेलात तरी काम होतं.

रोज तीनशे क्रंचेस मारून पोटाची चरबी जात नाही. व्यायाम पोटाचा केला म्हणून चरबी पोटाचीच जळत नाही. पोटाचे स्नायू त्याने जाड होतात, चरबी कमी झाली की उठून दिसतात, इतकंच. आणि चार पॅक की सहा की आठ, हे आई-बापांकडून आलेलं असतं. त्या स्नायूवरच्या आडव्या पट्ट्या किती आणि किती सरळ, हे कोणताही ट्रेनर बदलू शकत नाही.

पावडरींबद्दल दोन ओळी: व्हे म्हणजे दुधातलंच प्रथिन, सोयीचं, पण बंधनकारक नाही. क्रिएटिन रोज ३ ते ५ ग्रॅम खरंच उपयोगी. त्याने स्नायूंत पाणी वाढून काट्यावर किलोभर चढतं, म्हणून पॅकवाले घाबरतात. ते पाणी कातडीखाली नसतं. आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन? एका जिममध्ये मला कोणीतरी कपाटामागून काढून दाखवलं होतं, "तीन महिन्यांत रिझल्ट" म्हणून. मी तिथे भरलेली फी सोडून बाहेर पडलो.

दिसणं आणि जगणं

फोटोतले पॅक सकाळचे असतात, उपाशीपोटी, बाजूने पडणाऱ्या उजेडात, दहा पुशअप्स मारून काढलेले. संध्याकाळी पाव-भाजी खाल्ली की तेच पोट वेगळं. १० टक्क्यांच्या आसपास वर्षभर राहणारे थोडेच. बाकीच्यांना तिथे झोप कमी लागते, थंडी वाजते, चिडचिड होते, कामेच्छा घटते. नाइट शिफ्टवाल्या माझ्या मित्राला हे मी आधीच सांगितलं, कारण झोप मोडलेला माणूस रात्री तीन वाजता कँटीनसमोर फार दुबळा असतो.

मुलींच्या बाबतीत वेगळं बोलायला हवं. वजन उचलून "पुरुषी" होण्याची भीती निराधार आहे. तेवढं टेस्टोस्टेरॉनच शरीरात नसतं. उलट पॅकची किंमत त्यांना जास्त पडते. ठळक पोटासाठी बहुतेकींना २० टक्क्यांच्या खाली जावं लागतं, आणि तिथे खूप कमी खाऊन पोचलं तर पाळी लांबते किंवा थांबते. तसं झालं की आरशात काहीही दिसो, खाणं वाढवायचं आणि डॉक्टर गाठायचा.

कोणी काय निवडावं

टेप घ्या. श्वास सोडून, पोट आत न ओढता, बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. ती उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल, तर आधी चरबी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० पार असेल तर हा प्रश्न दिसण्याचा राहतच नाही, मधुमेह-रक्तदाबाचा होतो. मित्राची ९८ भरली. त्याला पॅक विसरून कंबर ९० च्या खाली आणायला सांगितलं. पुढचं पुढे.

कंबर बरीच कमी आणि हात काड्यांसारखे असतील तर बिनदिक्कत खा आणि उचला, निदान आठ-दहा महिने. मधल्यांसाठी, म्हणजे कंबर काठावर आणि जिमचं पहिलंच वर्ष, ती सूट आहे: खर्चाइतकंच खायचं, प्रथिनं भरपूर, उचलायचं वजन दर पंधरवड्याला थोडं वाढवत न्यायचं. काटा हलत नाही, पण टेप आणि दंड दोन्ही बोलतात.

सुरुवात कधी करावी, हेही गोव्यात महत्त्वाचं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, मासळी महाग आणि मोजकी. मग श्रावण, मग चतुर्थी, नेवऱ्या (करंज्या) आणि पंचखाद्य. या दिवसांत पॅक काढायला बसणं म्हणजे स्वतःशीच वैर. अंग भरायला मात्र हाच काळ सोन्यासारखा, अंडी, सोयाबीन आणि उसळींवर. दसऱ्यानंतर मासळी भरपूर येते, हवा बरी होते. चरबी उतरवायला तेव्हा बसावं.

भाच्याची कंबर ७८ भरली होती. त्याने अंग भरायचा मार्ग धरला, थोड्या नाराजीने. चतुर्थीला पोटभर नेवऱ्या खाल्ल्या. आता ६५ किलो आहे, कंबर ८०. जुने शर्ट खांद्यात होत नाहीत म्हणून बहिणीची तक्रार सुरू आहे. पॅक फक्त आंघोळीच्या खोलीतल्या वरच्या बल्बखाली दिसतात, असं तो म्हणतो. मी पाहिलेले नाहीत.