स्मार्ट चष्मा की नुसते इअरबड?

फोन खिशातच ठेवून सोशल मीडिया वापरायचा, तर यातलं काय घ्यावं, असं एका मित्रानं विचारलं.

खर्चात इअरबड सरळ जिंकतात. बहुतेकांकडे ते असतातच. टिकाऊपणात दोघेही रडके: इवलीशी बॅटरी दमली की वस्तू बाद.

खरा फरक खासगीपणाचा. २०२३ च्या रे-बॅन मेटा या कॅमेरावाल्या स्मार्ट चष्म्यातून थेट इन्स्टाग्रामवर प्रक्षेपण करता येतं. चित्रण चालू असताना फ्रेमवर बारीक दिवा लागतो खरा, पण समोरच्याला त्याचा अर्थ ठाऊक असेलच असं नाही. त्याची संमती कोण विचारतो? इअरबडला निदान डोळा नाही.

मात्र ऐकण्यात वेळ जातो. २०२० मध्ये आलेल्या क्लबहाउस या आवाजी गप्पांच्या अ‍ॅपवरच्या गप्पा मजकुरासारख्या भरभर चाळता येत नाहीत.

हात गुंतलेले असताना समोरचं टिपायचं असेल, तर चष्मा घ्या. नुसत्या गप्पांसाठी इअरबड पुरेत.