लहान मुलं आणि ४ दिवस: व्हिएन्ना की कोपनहेगन?

मार्च आला की कुणी ना कुणी मैत्रीण फोन करतेच, अगं सुट्टीत ४ दिवस मुलांना घेऊन कुठे जाऊ, पॅरिस करू का? मी सांगते पॅरिस नंतर कर, तिथल्या बहुतेक जुन्या मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट नाही आणि स्ट्रोलर उचलून जिने चढता-उतरता जीव जातो. मुलं ६-७ वर्षांपर्यंतची असतील तर मी दोनच शहरं सुचवते, व्हिएन्ना आणि कोपनहेगन. आम्ही म्युनिकला राहतो. व्हिएन्नाला गेलो तेव्हा लेक ५ वर्षांची, मुलगा २ वर्षांचा आणि सोबत नाशिकहून आलेले सासूबाई-सासरे. कोपनहेगनला पुढच्या वर्षी जूनमध्ये गेलो, आम्ही चौघंच.

आधी व्हिएन्ना. म्युनिकहून थेट ट्रेन आहे, साधारण ४ तास, सासूबाईंनी दशम्या आणि चटणी बांधून घेतली होती त्यामुळे पोरांचं खाणं गाडीतच उरकलं. शहरात ६ वर्षांखालच्या मुलांना बस-ट्राम-मेट्रोचं तिकीट लागत नाही, मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट आहेत आणि सरकारी म्युझियममध्ये १९ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट. याचा खरा फायदा असा की २ वर्षांचं मूल पाऊण तासात रडायला लागलं तर सरळ उठून बाहेर पडता येतं, एवढे पैसे भरलेत तर बघूनच जाऊ असं होत नाही. आम्ही नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये फक्त डायनासोरचा हॉल बघितला आणि निघालो. मंगळवारी ते बंद असतं हे मात्र लक्षात ठेवा.

शोनब्रुनला राजवाडा आणि प्राणीसंग्रहालय दोन्ही एकाच आवारात आहेत. प्राणीसंग्रहालय १७५२ सालचं, आज चालू असलेल्यांमध्ये जगातलं सगळ्यात जुनं, त्यासाठी मेट्रोतून शोनब्रुनला उतरू नका, पुढच्या हिट्झिंग स्टेशनला उतरा, लहान मुलांची बरीच पायपीट वाचते. आम्ही राजवाड्यातल्या मोठ्या खोल्यांची टूर सोडून दिली आणि मुलांच्या म्युझियममध्ये गेलो, तिथे राजा-राणीचे कपडे घालायला देतात. लेकीने घेरदार झगा घातला आणि आजीसमोर येऊन उभी राहिली, आजीने स्वतःच्या साडीची पिन काढून तिच्या खांद्यावरून घसरणारा झगा नीट केला, आणि मग दोघी तिथून हलायलाच तयार नाहीत.

प्राटर म्हणजे पाळणे आणि राइड असलेली मोठी बाग, तिथे आत जायचे पैसे नाहीत, ज्या राइडमध्ये बसाल तेवढंच तिकीट. १८९७ चा मोठा पाळणा इतका सावकाश फिरतो की सासऱ्यांनाही त्रास झाला नाही, आणि छोटी लिलिपुट रेल्वे झाडीतून साधारण ४ किलोमीटर नेते, मुलगा तिच्यातच झोपून गेला.

राहण्याच्या बाबतीत मात्र आम्ही फसलो. अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर असं लिहिलेलं होतं, पण व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर होखपार्टेर आणि मेझानिन असे जास्तीचे मजले धरतात आणि मोजणी त्यांच्या वरून सुरू होते, म्हणजे आमचा दुसरा प्रत्यक्षात चौथा निघाला आणि लिफ्ट नव्हती. सासऱ्यांचे गुडघे, झोपलेलं बाळ, दोन बॅगा. त्यामुळे बुकिंगच्या आधी लिफ्ट आहे का हे लेखी विचारा, मजल्याच्या आकड्यावर जाऊ नका. किचन मात्र हवंच, कारण सासूबाई अंडं खात नाहीत आणि तिकडच्या गोड पॅनकेकपासून नूडल्सपर्यंत बऱ्याच पदार्थांत अंडं असतं, रोज रात्री मऊ भात-मेतकूट झालं म्हणून निभावलं. रविवारी दुकानं बंद असतात, दूध शनिवारीच आणा, अडलंच तर मोठ्या स्टेशनांवरची सुपरमार्केट उघडी असतात.

आता कोपनहेगन. विमानतळावरून मेट्रो साधारण १५ मिनिटांत शहरात आणते आणि त्या मेट्रोला ड्रायव्हरच नाही, त्यामुळे अगदी पुढच्या काचेपाशी मुलांना बसता येतं. आमचा मुलगा तेव्हा ३ चा, दोन्ही तळहात काचेला टेकवून बोगद्यातले दिवे समोरून येताना बघत बसला, उतरायचं स्टेशन आलं तर ओरडला, अजून एकदा! आम्ही शेवटपर्यंत जाऊन परत आलो. एका मोठ्या माणसासोबत १२ वर्षांखालची दोन मुलं फुकट, त्यामुळे मुलांचा काहीच खर्च नाही.

टिव्होली बाग १८४३ सालची, मेन स्टेशनच्या अगदी बाजूला. इथे प्रवेशाचे पैसे वेगळे आणि राइडचे वेगळे, चौघांचा हिशोब बराच वर जातो, आणि बऱ्याच राइडला उंचीची अट आहे, म्हणजे ३ वर्षांच्या मुलाला निम्म्या राइड बघतच राहाव्या लागतात. ६ वर्षांची लेक मात्र तिथे इतकी रमली की तिच्यासाठी पैसे वसूल झाले असंच मी म्हणेन. फुकटातलं बघायचं तर नॅशनल म्युझियममधला मुलांचा विभाग, तिथल्या व्हायकिंग जहाजावर चढून खेळता येतं आणि १८ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. गोल मिनार पण चांगला, आत जिन्याऐवजी गोल गोल चढत जाणारा उतार आहे, पोरं पळतच वर गेली. जलपरीचा पुतळा जेमतेम सव्वा मीटरचा आहे, त्यासाठी मुद्दाम लांब चालत जाऊ नका.

खाणं महाग आहे, खूप महाग, पण नॉरेब्रो भागात फलाफल सगळीकडे मिळतं आणि शाकाहारी माणसाचं पोट भरतं. आणि झोप! जूनमध्ये सूर्य रात्री १० च्या सुमाराला मावळतो, पडदे जाड नसतील तर मुलं झोपत नाहीत, आम्ही पहिल्या रात्री खिडकीला चादर बांधली.

मग कुठे जायचं? मूल ४ च्या आतलं असेल किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर व्हिएन्ना, मला यात अजिबात शंका नाही. सगळी मुलं ५ च्या पुढची, पायी चालणारी आणि खर्चाची तयारी असेल तर कोपनहेगन, मुलांना तिथे जास्त मोकळं वाटतं. माझा भाऊ या मे महिन्यात आई-बाबांना आणि ३ वर्षांच्या भाचीला घेऊन पुण्याहून येतोय, त्याला व्हिएन्नाच सांगितलंय, हिट्झिंगजवळ लिफ्टवालं घर शोधतोय. कोपनहेगन ठरवणाऱ्यांनी विमानाची तिकिटं काढायच्या आधी टिव्होलीच्या तारखा बघून घ्या, ती वर्षभर उघडी नसते, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्चला तर नक्की तपासा.