५०० चिप्सचा पोकर संच: चिप्स उत्तम, ब्लाइंडचं वेळापत्रक मात्र तुमचं तुम्हीच करा

ॲल्युमिनियमची पेटी, ५०० चिप्स, पत्त्यांचे दोन कॅट, डीलर बटन (पत्ते वाटणाऱ्याची जागा दाखवणारी चकती) आणि पोकरला न लागणारे पाच फासे. मित्रमंडळींच्या स्पर्धेसाठी बहुतेकजण हाच संच घेतात. चिप ११.५ ग्रॅमची, प्लास्टिकच्या आत धातूची चकती, त्यामुळे वीसची चळत सरळ उभी राहते. नुसत्या चिप्सच पावणेसहा किलो भरतात. म्हणून पेटीची कडी आणि खिट्या आधी निखळतात. उचलताना खालून हात द्या.

आकडे छापलेल्याच चिप्स घ्या. नुसत्या रंगांवरून आपल्यापुढे किती उरलेत हे नवख्याला उमगत नाही, आणि मग पैज किती लावायची याचा अंदाजच चुकतो. नऊ जणांना प्रत्येकी २५ च्या ८, १०० च्या ८, ५०० च्या ४ आणि १००० च्या २ दिल्या की ५००० होतात. यात १९८ चिप्स जातात, बाकीच्या रिबायसाठी, म्हणजे चिप्स संपलेल्याने पैसे भरून पुन्हा घेण्यासाठी, उरतात.

ब्लाइंड म्हणजे दर डावाआधी दोघांनी सक्तीने लावायच्या, टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या पैजा. संचासोबत ब्लाइंडचं वेळापत्रक सहसा नसतं आणि खरी उणीव ती आहे, कारण किती आक्रमक खेळायचं हे पत्त्यांइतकंच घड्याळावर ठरतं. वीस-वीस मिनिटांचे टप्पे ठेवा (आधी स्मॉल म्हणजे लहान, मग बिग म्हणजे मोठा ब्लाइंड): २५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२००, १५०/३००, २००/४००, ३००/६००. हाताने पत्ते वाटताना तासाला साधारण २५ डाव होतात, म्हणजे एका टप्प्यात नऊजणांची एक फेरीसुद्धा (प्रत्येकाकडे बटन एकदा येणं) पुरी होत नाही. दोन तासांनी सुरुवातीचे ५००० जेमतेम आठ बिग ब्लाइंडइतके उरतात. तोवर डाव झाले पन्नास. हातातल्या दोन पत्त्यांची जोडी सतरा डावांत एकदा येते, एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा. नुसती वाट बघणारा इथेच संपतो.

तरी पहिल्या दोन टप्प्यांत ब्लफ, म्हणजे कमजोर हातावर पैज लावून इतरांना पत्ते टाकायला लावणं, नको. ओळखीतल्या खेळात, त्यातून रिबाय चालू असताना, सगळेच कॉल करतात, म्हणजे लागलेल्या पैजेइतकं टाकून डावात राहतात. तिघे समोर असतील आणि प्रत्येकजण निम्म्या वेळा पत्ते टाकत असेल, तरी तिघांनीही टाकण्याची शक्यता आठात एक. अर्ध्या पॉटची (मधे जमलेल्या चिप्सच्या निम्मी) पैज मात्र तिनात एकदा तरी चालावी लागते. चांगला हात आला की मोठी पैज लावा: चार बिग ब्लाइंड, वर नुसता कॉल करून आलेल्या प्रत्येकामागे एक. २५/५० ला असे दोघे असतील तर ३००.

रिबाय चौथ्या टप्प्याअखेर बंद करा. त्यानंतर माणसं जपून खेळू लागतात, आणि आक्रमकतेचं मोल तेव्हाच वाढतं. १५०/३०० ला ४५०० असलेल्याचा दर फेरीला दहावा हिस्सा ब्लाइंडमध्येच जातो. बटनावरून, आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकले असतील तर, मध्यम हातावरही रेझ करा, म्हणजे पैज वाढवा.

दहा बिग ब्लाइंड किंवा त्याखाली ऑल-इन (उरलेल्या सगळ्या चिप्स लावणं) किंवा फोल्ड (पत्ते टाकणं), मधलं काही नको. २००/४०० ला ४००० घेऊन ऑल-इन केलं आणि सगळ्यांनी सोडलं तर ६०० मिळतात, म्हणजे ढिगात, आपल्यापुढच्या एकूण चिप्समध्ये, १५ टक्के भर. इथे नेहमीची चूक म्हणजे तीन बिग ब्लाइंड उरेपर्यंत थांबणं. १२०० च्या ऑल-इनवर बिग ब्लाइंडला आणखी ८०० टाकून २६०० चा पॉट दिसतो. त्याला ३१ टक्के जिंकण्याची शक्यता पुरते. तो कशावरही कॉल करेल, आणि ते बरोबरच आहे.

बक्षिसं तीन आणि खेळाडू चार उरले की मधल्या ढिगाने मोठ्या ढिगाच्या वाटेला जाऊ नये. मोठ्याने मात्र सतत रेझ करावं.

२००/४०० सुरू होताच २५ च्या चिप्स बदलून घ्या, चारच्या जागी १०० ची एक. नाहीतर मोजण्यातच डाव कमी होतात.

संचातले पत्ते मात्र वापरू नका. लेप दिलेल्या कागदाचे असतात, कोपरे दुमडतात, आणि दुमडलेला एक्का सगळ्या टेबलाला पाठीवरून ओळखू येतो. पूर्ण प्लास्टिकचे दोन कॅट वेगळे घ्या. एक वाटला जात असताना दुसरा पिसून ठेवता येतो.