‘आधी मास्टर्स कर, पीएचडी पक्की’ : मी कशी फसले

“पदवीवर थेट पीएचडीला अर्ज केलास तर कोणी विचारणार नाही. आधी बाहेर मास्टर्स कर, मग तिथेच पीएचडीची जागा पक्की.” परदेशात प्रवेश मिळवून देणाऱ्या कन्सल्टन्सीतल्या सरांनी हे इतक्या सहज सांगितलं की मी कर्जाच्या कागदांवर सह्या करून मोकळी झाले. निव्वळ थाप असती तर मी ती ओळखली असती. पण त्यात निम्मं खरं होतं.

जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत पीएचडीआधी मास्टर्स लागतंच. अमेरिकेत मात्र लागत नाही. तिथे भौतिकशास्त्राचे कितीतरी विद्यार्थी पदवीनंतर सरळ पीएचडीला लागतात. सुरुवातीची एक-दोन वर्षं कोर्सेस करतात, फी बहुधा माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचा स्टायपेंड मिळतो. माझी पदवी चार वर्षांची आणि डोळा अमेरिकेवर. सरांनी मला नियम सांगितला जर्मनीचा आणि गळ्यात मारलं ब्रिटनमधलं एक वर्षाचं एमएससी, तेही लेक्चर-परीक्षावालं.

यात खरी मेख आहे ती वेळापत्रकात. कोर्स सुरू झाला सप्टेंबरच्या शेवटी. अमेरिकेतल्या बहुतेक विभागांची मुदत डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांत मला नव्या प्राध्यापकांकडून शिफारसपत्रं हवी होती. क्वांटम फील्ड थिअरी शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. त्या भल्या होत्या, म्हणून स्पष्ट बोलल्या: “तू वर्गात असतेस एवढंच मला लिहिता येईल.” पीएचडीच्या निवड समितीला हवं असतं संशोधनाबद्दल लिहिलेलं पत्र, आणि आमचा प्रोजेक्ट सुरू होणार होता जूनमध्ये. परीक्षांचे गुणही तोवर आलेले नव्हते. ज्या वर्षासाठी एवढं कर्ज काढलं, त्याचा माझ्या अर्जात जवळजवळ मागमूस नव्हता. त्याचा उपयोग व्हायचा तर पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबणं भाग होतं. सरांना हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

‘पक्की जागा’ विचारायला विभागाच्या ऑफिसात गेले, तर तिथली बाई गोंधळली. पीएचडीचा अर्ज वेगळा, निवड वेगळी आणि निधी त्याहून वेगळा. सरकारी संशोधन निधीतल्या पीएचडीच्या जागांमध्येही परदेशी विद्यार्थ्यांसाठी साधारण 30 टक्क्यांची मर्यादा. माझ्या ऑफर लेटरच्या दुसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं, की या कोर्सने संशोधन पदवीचा हक्क मिळत नाही. मी ते पान तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. अर्जासाठी ईमेल खातं सरांनीच उघडलं होतं, पासवर्डही त्यांच्याकडेच. मला पुढे पाठवलं ते फक्त पहिलं पान. (हो, पासवर्ड न मागणं हा माझाच गाढवपणा.)

हेच विद्यापीठ का, याचं उत्तर एका सीनिअरने दिलं. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं विद्यार्थी आणून देणाऱ्या एजंटला पहिल्या वर्षाच्या फीतून कमिशन देतात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फीच नसते. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला 1500 युरो पडतात. जिथे फी नाही तिथे कमिशन कुठून येणार? म्हणून सरांच्या तोंडी जर्मनीतलं दोन वर्षांचं, शेवटचं वर्ष प्रबंधाला देणारं मास्टर्स कधी आलंच नाही. कॅनडातल्या अनेक विभागांत संशोधनाच्या एमएससीला पैसे मिळतात, तेही नाही. इटलीत ट्रिएस्टेला आयसीटीपी या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकशास्त्र केंद्राचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, विकसनशील देशांतल्या मुलांना पीएचडीसाठी तयार करणारा, खर्चासकट. तो मला वसतिगृहातल्या एका मुलीकडून कळला!

तुम्ही या वाटेवर असाल तर एजंटला सोडून थेट विभागाच्या कोऑर्डिनेटरला मेल टाका. प्रबंध कोणत्या महिन्यात सुरू होतो आणि मागच्या दोन-तीन वर्षांतली मुलं पुढे कुठे गेली, एवढंच विचारा. मला अशा मेलचं उत्तर दोन दिवसांत आलं, फक्त मी तो प्रवेश घेतल्यावर पाठवला होता.

प्रोजेक्टच्या गाइडने पुढे चांगलं पत्र दिलं. त्यावर यंदा पुन्हा अर्ज करते आहे, एक वर्ष उशिरा. कन्सल्टन्सीच्या माहितीपत्रकात मात्र माझा फोटो आहे, खाली लिहिलंय ‘पीएचडी ट्रॅक, युके’. काढा म्हणून दोनदा लिहिलं. अजून आहे.