तलावाच्या यंत्रणेसाठी जमिनीखालून टाकलेले कमी व्होल्टचे वायरिंग : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

घराच्या मागच्या भिंतीवर नियंत्रण पेटी आहे आणि पंप, फिल्टर व हीटर पोहण्याच्या तलावाच्या पलीकडे आहेत. मधले अंतर चराच्या मार्गाने सुमारे 30 मीटर भरते. या चरातून मी तीन केबल नेल्या: पाण्यातील 12 व्होल्टच्या दिव्यासाठी 4 चौरस मिलिमीटरची दोन कोरची केबल, पंपाच्या नियंत्रणासाठी पीळ दिलेल्या तारांची शील्ड असलेली केबल आणि पाण्याचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरची बारीक केबल. पहिल्या दोन केबल पीव्हीसीच्या वेगवेगळ्या पाइपांतून गेल्या. तिसरी थेट जमिनीत पुरण्याजोगी असल्याने ती तशीच वाळूच्या थरात टाकली, आणि या सगळ्या कामातली चूक नेमकी तिथेच झाली.

सेन्सरसोबत आलेली तार आखूड होती, म्हणून वाटेत एक जोड द्यावा लागला. तो क्रिम्प करून (धातूच्या नळीत तारा दाबून), वर गरम केल्यावर आवळणारी साधी हीट श्रिंक नळी चढवून आणि टेप गुंडाळून मी मातीखाली झाकला. पाचव्या महिन्यात सलग काही दिवस पाऊस झाला आणि त्यानंतर पेटीवर तापमान 31 अंश दिसू लागले. पाण्यात तरंगणारा तापमापी मात्र 28 दाखवत होता. पाणी पुरेसे तापले असे समजून हीटर लवकर बंद होई. ऊन पडून जमीन सुकली की दोन्ही आकडे पुन्हा जुळत, त्यामुळे सुरुवातीला माझा संशय सेन्सरवर आणि पेटीवर गेला आणि त्यात दोन आठवडे वाया गेले.

कारण समजून घेण्यासारखे आहे. या प्रकारच्या सेन्सरचा रोध 25 अंशांना 10 किलोओहम असतो आणि तापमान वाढले की तो कमी होतो. जोडात ओल शिरली की दोन तारांमध्ये गळतीची एक समांतर वाट तयार होते, एकूण रोध घटतो आणि पेटीला पाणी आहे त्यापेक्षा गरम वाटते. मी केबल दोन्ही टोकांना सोडवून मल्टिमीटर लावला, तेव्हा जिथे आकडाच दिसायला नको होता तिथे सुमारे 70 किलोओहम दिसत होते आणि तेही स्थिर नव्हते. जोड उकरून काढला तर टेपच्या आत पाण्याचे थेंब होते आणि तांबे हिरवे पडले होते. साधी हीट श्रिंक नळी तारेवर आवळून बसते, पण पाणी अडवत नाही. त्यासाठी आतून गोंदाचा थर असलेली नळी, जेल भरलेला जोड किंवा रेझिन ओतून केलेला जोड लागतो. माझे मत त्याही पुढचे आहे: सेन्सरसारख्या केबलला जमिनीत जोड देऊच नये, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड तार घ्यावी.

दुरुस्ती सोपी झाली ती नियंत्रणाच्या पाइपात सोडून ठेवलेल्या नायलॉनच्या दोरीमुळे. दोघांनी मिळून नवी अखंड केबल तासाभरात ओढून घेतली. दोरीबरोबर पाइपातून गढूळ पाणीही आले, हे मुद्दाम सांगतो, कारण पाइप केबलला कोरडे ठेवतो हा समज फार पसरलेला आहे. सांधे नीट चिकटवले तरी आतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी साचतेच. पाइप फावड्याच्या घावापासून वाचवतो आणि केबल बदलण्याची सोय देतो. पाण्याशी टिकाव मात्र केबललाच धरावा लागतो.

दिव्याच्या केबलबाबत मी पूर्ण समाधानी आहे. दिवा 40 वॉटचा, म्हणजे जवळपास 3.3 अँपिअर, आणि जाऊन-येऊन तारेची लांबी 60 मीटर. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तारेत एवढ्या अंतरावर सुमारे 2.4 व्होल्ट वाटेतच खर्च झाले असते. 4 चौरस मिलिमीटरमध्ये ही घट एका व्होल्टच्या आत राहते. प्रत्यक्ष मोजणीत ट्रान्सफॉर्मरपाशी 12.4 आणि दिव्यापाशी 11.5 व्होल्ट मिळाले. व्होल्ट कमी म्हणून तार बारीक चालेल असे अनेकांना वाटते; हिशेब नेमका उलट आहे.

व्होल्ट कमी आहेत म्हणून निष्काळजीपणाही चालत नाही. तलावात माणूस ओल्या अंगाने उभा असतो. आयईसी 60364 या विद्युत मांडणीच्या आंतरराष्ट्रीय मानकातील तलावांच्या भागानुसार प्रत्यक्ष पाण्याच्या क्षेत्रात 12 व्होल्ट एसी किंवा 30 व्होल्ट डीसी हीच मर्यादा आहे. त्यासाठी विलगीकरण असलेला सुरक्षा ट्रान्सफॉर्मर लागतो, कोणताही साधा ट्रान्सफॉर्मर चालत नाही. काठापासून 2 मीटर आणि त्यापुढे आणखी 1.5 मीटर अशी क्षेत्रे त्यात धरलेली आहेत. माझा ट्रान्सफॉर्मर या दोन्हींच्या बाहेर, घराच्या भिंतीवर आहे. मुख्य वीजपुरवठ्याचे काम मी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतले. पंपाची मुख्य केबल वेगळ्या चरातून गेली आहे आणि नियंत्रणाचे संदेश अकरा महिन्यांत एकदाही तुटलेले नाहीत.

पंपाजवळच्या जंक्शन बॉक्समधील स्क्रू मात्र सातव्या महिन्यातच काळे पडले, कारण क्लोरीनच्या गोळ्या आणि आम्लाचा कॅन मी त्याच खोलीत ठेवत होतो. ते बाहेर हलवले, टोके कापून कलई केलेल्या तांब्याचे लग (तारेच्या टोकाला बसणारे जोडतुकडे) बसवले आणि बॉक्सच्या ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथले घट्ट बसणारे तुकडे, बदलल्या.

नवी केबल टाकल्यानंतर दोनदा जोराचा पाऊस होऊन गेला. दोन्ही वेळा पेटीवरचा आकडा आणि पाण्यातला तापमापी यांत अर्ध्या अंशाहून अधिक फरक पडला नाही. दिव्याचा रेझिनमधला एकमेव जोड काठाजवळच्या चेंबरमध्ये आहे. तो न उघडता दर तीन महिन्यांनी केबल दोन्ही टोकांना सोडवून मी तारांमधला रोध तपासतो आणि आकडा चेंबरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतो.