बर्फात टिकणारी जास्वंद आणि माझे २२८ डॉलर ४४ सेंट

हे लिहायची लाज वाटते, कारण मी चिपळूणची. माहेरच्या अंगणात लाल जास्वंद, पूजेला रोज परडीभर फुलं. अशा बाईला न्यू जर्सीत कुणी जास्वंद विकून गंडवावं?

गंडवलं. मे २०२३. फोनवर जाहिरात आली : हार्डी हिबिस्कस, बुटकी जात, तीन फुटांवर जात नाही, बर्फात टिकते, दरवर्षी नव्यानं फुटते. मला गणपतीला घरचं लाल फूल हवं होतं. सहा रोपं, प्रत्येकी ३४.९९, पाठवणावळ १८.५०. कार्ड घेत नाही म्हणाला, थेट खात्यात टाका. टाकले. कार्ड न घेणाऱ्या ऑनलाइन दुकानदाराकडून सुतळीचा तोडासुद्धा घेऊ नका.

खोकं उघडलं तेव्हाच कळायला हवं होतं. पानं तेल चोपडल्यासारखी चकाकत होती, गडद हिरवी, कडेला दाते. दोन रोपांना तर कळ्या! खऱ्या हार्डीचं पान मंद, बिनचकाकीचं आणि चांगलं रुंद असतं. मेमध्ये ती जमिनीतून जेमतेम डोकं वर काढते आणि फुलते जुलै-ऑगस्टमध्ये. हे मी आधी वाचलेलं होतं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, ही तर आपलीच जास्वंद." आणि मी तिलाच शिकवलं, "नाही गं, ही अमेरिकन आहे." हे वाक्य आठवलं की अजून कान तापतात.

बुटकेपणाही औषधाचा. कुंडीत ठेंगणी दिसावीत म्हणून रोपांवर वाढ रोखणारं औषध मारतात, त्याचा जोर ओसरला की झाड आपल्या मूळ उंचीकडे निघतं. ऑगस्टपर्यंत ती माझ्या छातीला लागली. मला वाटलं, माझी माती चांगली!

पण मला मूर्ख म्हणण्याआधी ऐका. त्या सप्टेंबरात गणपतीला रोज सात-आठ लाल फुलं निघाली. कोण शंका घेईल? मी तर फुललेल्या झाडांचा फोटो त्याला कौतुकानं पाठवला, आणि मंडळातल्या दोघींना त्याचा नंबर दिला. त्यांनी मिळून दहा रोपं घेतली. त्यातली एक आता माझ्याशी मोजकंच बोलते.

खरी मेख पुढे आहे. हार्डी जात थंडीत जमिनीपर्यंत वाळते आणि वसंतात सगळ्यात उशिरा जागी होते, हे खरंच आहे. त्यामुळे "मेल्यासारखी दिसेल, घाबरू नका, जूनपर्यंत थांबा" हा त्याचा सल्ला कुठल्याही पुस्तकात सापडेल. आपली जास्वंद मात्र पारा १० सेल्सिअसखाली गेला की कुरकुरते आणि कडक हिमात मरते. म्हणजे मेलेल्या झाडाला मी पालापाचोळ्याची दुलई घालून आठ महिने राखत बसले. २० जून २०२४ला एक खोड ओढलं, तर ते भिजल्या उदबत्तीसारखं हातात आलं.

तोवर त्याचा नंबर बंद. बँकेतली बाई म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, चोरी कुठे झाली? पोलीस ठाण्यात काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "फुलं आली होती ना?" आली होती! म्हणून काय? एका सरकारी कचेरीनं चार पानांचा फॉर्म भरून घेतला. त्यात झाड कधी मेलं, याची तारीख हवी होती. दुसरीनं सांगितलं, विकणारा परराज्यातला आहे, तिकडे विचारा. तिकडे अकरा मिनिटं संगीत ऐकलं आणि फोन कटला. सगळे अगदी गोड बोलतात. २२८ डॉलरसाठी कुणी खुर्चीवरून उठत नाही, हे त्या भामट्याला माझ्याआधी माहीत होतं.

लेबलवर शास्त्रीय नाव बघा : मॉस्क्युटॉस असेल तर ठीक, रोझा-सायनेन्सिस म्हणजे आपली घरातली. नावच नसेल तर परत पाठवा. आणि ही हार्डी कुठून आणायची असते? याच भागात, खाडीकाठच्या दलदलीत तिची रानटी भावंडं फुकट फुलतात. जवळच्या नर्सरीत जाऊन पान हातानं चाचपून घ्या.

या एप्रिलमध्ये तीच जाहिरात नव्या नावानं परत दिसली. फोटोत लाल फुलांनी लगडलेली रोपं, मागे लाकडी कुंपण, त्याची तिसरी फळी मोडलेली. कुंपण माझं आहे.